आईने पायांवर न घेतलेलं बाळ

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात अर्ज आणि वाणसामानाची यादी यापलीकडे कुणी कधी काही लिहिलेलं नाही. मी कॉलेजात गेलेला पहिला, म्हणून बिल्डिंगमधले लोक मला बँकेचे कागद भरायला बोलावतात. पण तिथे रकाने आखलेले असतात. इथे कुठून कुठपर्यंत लिहायचं हे कुणी सांगत नाही. शिवाय हे रक्तातल्या आजाराबद्दल आहे आणि मी डॉक्टर नाही. मुलुंडच्या एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, एवढंच. आणि हे आईबद्दल आहे. तिला मी नीट ओळखतो असं मला वाटायचं.

तिला विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही. पण नाव नको घालू कुणाचं." म्हणून नावं घातलेली नाहीत.

माझी आई बाळांना न्हाऊ घालते. घालायची, असं लिहायला हवं.

कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी या पट्ट्यात कुणाकडे बाळंतपण झालं की तिला बोलावणं यायचं. सकाळी पप्पा कामावर गेले की ती तेलाची बाटली आणि जुन्या मऊ साडीचे तुकडे पिशवीत घालून निघायची. पप्पा लिफ्टचे मेकॅनिक आहेत, घाटकोपर-मुलुंडचे टॉवर त्यांच्याकडे असतात. ते म्हणायचे, "मी वरच्या मजल्यांवरच्या लोकांची सोय बघतो, तू खालच्या मजल्यावर आलेल्या नव्या माणसांची बघ."

लहान असताना ती मला कधी कधी सोबत न्यायची. न्हाणीत पाटावर बसून, साडी गुडघ्यापर्यंत घेऊन ती पाय लांब सोडायची. दोन्ही पायांच्या मधल्या खोबणीत बाळ पालथं टाकायचं, डोकं पावलांकडे. मग तेल, मग बेसन, मग पाणी. बाळ रडायचं तेव्हा बाळाची आई घाबरायची, आजी घाबरायची, माझी आई मात्र गप्पा मारत राहायची. ती सांगायची, "पोर पाण्याला भीत नसतं, हाताला भीतं. हात डळमळला की त्याला कळतं." तिचा हात डळमळलेला मी कधी पाहिला नव्हता. अंग पुसून, टाळू भरून, ओव्याची धुरी देऊन ती बाळाला कापडात असं गुंडाळायची की ते तिच्या मांडीवरच झोपून जायचं. त्या घरातली माणसं म्हणायची, मावशी, आमच्याकडे का नाही झोपत हो असं? ती नुसती हसायची.

ताईचं लग्न झालं, ती बोरिवलीला गेली, तेव्हापासून आई आपल्या नातवंडाची वाट बघत होती. तसं ती बोलायची नाही. पण जुन्या सुती साड्या तिने कुणाला द्यायचं बंद केलं होतं. धुऊन, घडी घालून एका बॅगेत ठेवत होती. मऊ झालेलं कापड विकत मिळत नाही, म्हणायची.

मी अठरा पूर्ण केली त्या वर्षीच्या जयंतीला मी पहिल्यांदा रक्त दिलं. आमच्या विहाराच्या हॉलमध्ये दरवर्षी रक्तदान शिबिर असतं आणि पप्पांनी ते कधी चुकवलेलं नाही. निळं उपरणं गळ्यात घालून ते शेजारच्या खाटेवर झोपले होते. मूठ उघडत-मिटत मला म्हणाले, "तुझ्या आजोबांना गावात पाणी वरून ओतायचे. आता आपलं रक्त कुणालाही चालतं. पिशवीवर फक्त गट लिहितात बघ, बाकी काही लिहीत नाहीत." त्यांना हे वाक्य फार आवडतं. बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र घेऊन आम्ही घरी आलो. आईने प्रमाणपत्र टीव्हीच्या वर टेकवून ठेवलं.

काही आठवड्यांनी रक्तपेढीतून फोन आला. येऊन भेटा, घाबरायचं काही नाही, असं एक बाई म्हणाल्या. मी एकटाच गेलो. त्यांनी खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि हळू आवाजात सांगितलं की माझ्या रक्तात हिपॅटायटिस बीची खूण सापडली आहे. माझी पिशवी कुणाला दिली नव्हती. ती नष्ट केली होती. मला आजाराचं जेवढं वाटलं त्याहून जास्त त्या पिशवीचं वाटलं. पप्पांच्या त्या वाक्याचं आता काय करायचं, असं काहीतरी डोक्यात आलं.

पुढे मोठ्या सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या. या खुणांबद्दल मी वर्गात शिकलो होतो. वाचणाऱ्याला कळावं म्हणून साधं करून सांगतो. रक्तात विषाणूच्या वेगवेगळ्या खुणा शोधतात. एक खूण त्याच्या वरच्या सालीची. ती सहा महिन्यांनंतरही सापडली की विषाणू मुक्कामाला आहे असं धरतात. दुसरी ई नावाची, ती सापडली की बहुतेक वेळा तो जोरात वाढत असतो. आणि मग एक आकडा असतो, रक्तात तो किती आहे याचा. माझ्यात साल होती, ई नव्हती, आकडा लहान होता. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळी नको, तपासत राहू. मग त्यांनी विचारलं, "आईची तपासणी झालीय का कधी?"

वर्गात हे सगळं इंग्रजीत होतं आणि त्यात कुणाची आई नव्हती.

पप्पा निगेटिव्ह आले, त्यांना लस सुरू झाली. आईमध्ये साल होती, ई होती, आकडा एवढा मोठा होता की मी शून्यं पुन्हा मोजली. यकृतावर थोडे व्रणही होते. तिला कधी काही झालं नव्हतं. थकवा यायचा, पण तो कुणाला येत नाही. डॉक्टरांनी तिला रोजची एक गोळी लिहून दिली. समुपदेशनाच्या बाईंनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं, "जन्माच्या वेळी आईकडून बाळाला जातो. रक्तातून जातो. सुई, ब्लेड, दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा. ताटाने, कपाने, जवळ घेतल्याने जात नाही. समजलं ना मावशी?"

आई म्हणाली, "समजलं."

घरी येऊन तिने भांड्यांच्या मांडणीवरून एक ताट, एक वाटी आणि एक कप खाली काढला. ती भांडी तिच्या माहेरची होती. लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत असते, मशीनने टिंब टिंब करून. त्या ताटावर तिच्या वडिलांचं नाव होतं. बाकी सगळ्या भांड्यांवर पप्पांचं. म्हणजे चुकून अदलाबदल व्हायला नको. ती तीन भांडी तिने ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी पालथी घातली.

पप्पा संध्याकाळी आले, चहा मागितला, आणि त्यांना ती भांडी दिसली. ते ओट्यापर्यंत गेले. मग म्हणाले, "हे काय?"

"माझी हायेत. तुम्ही नका हात लावू."

"माझ्या बापाचा कप हॉटेलच्या वळचणीला खोचलेला असायचा. स्वतः काढायचा, स्वतः धुवायचा, परत खोचायचा. मी पाहिलंय अगं. ते सोडून आम्ही इथे आलो. आणि आता माझ्या घरात खिडकीला कप?"

"ते वेगळं होतं. ते लोक तुम्हाला उगंच घाण समजायचे. माझ्यात खरंच हाय ना."

पप्पांनी तिचा कप उचलला, त्यात चहा ओतून घेतला आणि उभ्यानेच प्यायले. दंडावरची लस घेतल्याची जागा दाखवत म्हणाले, "मला सुई दिलीय सरकारने. आता घाबर."

ती हसली नाही. त्यांनी कप ठेवला तेव्हा तिने तो राखेने घासला. आता राख कुठे मिळते, पण तिने देवळाबाहेरच्या उदबत्तीवाल्याकडून की कुठून आणून ठेवली होती. घासून परत खिडकीशी.

तिच्या या हट्टामागे एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. तिची आई, म्हणजे माझी आजी, जालन्याकडच्या गावात काविळीने गेली होती. पोट फुगलं होतं. गावातल्या एका माणसाने काविळीची माळ घातली होती. ती माळ वाळते तशी लांब होत जाते आणि लोक म्हणतात कावीळ उतरतेय. माळ गुडघ्यापर्यंत आली आणि आजी गेली. आई तेव्हा परकर-पोलक्यातली. आजीला अन्न जायचं नाही, ती ताटात ठेवून द्यायची, आणि ते उरलेलं आई खायची. "कुणी ओरडलं नाही तेव्हा," ती मला म्हणाली. "म्हणून तर मला झालं."

"तसं नाही होत आई. तू जन्मलीस तेव्हाच ते आलं असणार."

"तुला पुस्तकातलं माहिती. मला ताटातलं माहिती."



न्हाऊ घालायची कामं तिने त्याच आठवड्यात सोडली. बोलावणं आलं की सांगायची, कंबर धरलीय. भांडुपची एक बाई घरापर्यंत आली, पहिल्या दोन्ही पोरांना तुम्हीच घातलंय हो मावशी, तिसऱ्याला दुसरी कोण शोधू. आईने तिला चहा दिला, पप्पांचं नाव घातलेल्या कपात, आणि नाहीच म्हणाली.

आणि ताईला पाचवा महिना होता.

ताईला फोन मी केला. कसं सांगायचं ते कागदावर लिहून काढलं होतं. मी निम्म्यात असताना ती म्हणाली, "माहितीय मला. दवाखान्यात नाव घातलं तेव्हाच रक्त तपासलं ना. मी पण तशीच आहे." तिने आणि दाजींनी ते आम्हाला सांगितलं नव्हतं, आई धसका घेईल म्हणून. तिला सगळं ठाऊक होतं. शेवटच्या महिन्यांत एक गोळी, बाळ जन्मलं की लगेच दोन सुया, एक लस आणि एक तयार संरक्षणाची, मग पुढचे डोस. मग बाळ वर्षाचं व्हायच्या आसपास त्याची रक्ततपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बहुतेक बाळं यातून नीट बाहेर पडतात. ताई हे सगळं बसचा मार्ग सांगावा तसं सांगत होती. "आईला सांग, मी सातव्यात येते राहायला. तेल काढून ठेव म्हणावं."

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्यात तरी असंच असतं. आईने मात्र ताईच्या सासूबाईंना फोन करून सांगितलं की इकडे नको. का? तर कचऱ्याच्या डेपोचा वारा येतो, लहान जिवाला बरं नाही. वारा येतो हे खरं आहे. तिकडून आला की आम्ही खिडक्या लावतो आणि पुढचं काम करतो.

सासूबाई म्हणाल्या, "बरं. तुमच्याकडची पद्धत बदलली असेल. आम्हाला कळवलं नव्हतं कुणी."

मग ताईचा फोन. आईने तो स्पीकरवर टाकला होता, कारण हात पिठाचे होते.

"त्याच वासात तू आजवर लोकांची पोरं मोठी केलीस ना गं?"

"लोकांची वेगळी."

"म्हणजे माझं लोकांच्यापेक्षा पण लांबचं?"

"तसं नाही माय. मी हात लावला आणि काही झालं, तर तुझे लोक मला काय म्हणतील? मी मला काय म्हणीन?"

"अगं माझ्या पोटात आहे तो. माझ्यातच आहे ते. तुझ्या हाताने अजून काय होणारेय?"

आईने पिठाचे हात झटकले. मग म्हणाली, "तुला एक दिलंय मी. परत नाही देणार." ताईने फोन ठेवला. मी तिथेच होतो. मला सगळं शास्त्र येत होतं आणि दोघींपैकी कुणालाच मी ते सांगू शकलो नाही. आज वाटतं, शास्त्राचा तिथे प्रश्नच नव्हता. आईला वाटत होतं तिने मुलांना काहीतरी वाईट दिलं, आणि ताईला वाटत होतं आई आपल्याला काहीच देत नाही.

बाळ बोरिवलीलाच झालं. मुलगा. दोन्ही सुया वेळेत दिल्या. आम्ही बघायला गेलो तेव्हा आई वॉर्डाच्या दारात उभी राहिली, आत खाटेपर्यंत आली नाही. दाजींनी बाळ आणून दाखवलं तेव्हा तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "नाक तुमच्यावर गेलंय जावईबापू," एवढं म्हणाली आणि लगेच माझ्याकडे बघून, "मान बघ. कशी धरलीय त्यांनी."

ताईने तिकडेच एक मालीशवाली लावली. पहिल्या दिवशी ताईने व्हिडिओ कॉल केला. राग होता, तरी केला. मोबाइल न्हाणीच्या दाराला टेकवून ठेवलेला. आई आमच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून बघत होती.

"बाई, पाणी आधी पायांवर टाका. एकदम पाठीवर नको."

"मी काही आजची नाही करत," मालीशवाली म्हणाली.

"मग मान का लोंबतेय त्याची? पाऊल उभं करा तुमचं. त्याला टेकू द्या."

"कोण बोलतंय हो हे?"

"फोनवरची आजी," ताई बाहेरून म्हणाली. "पगार नाही, पण ड्युटी चोख."

मालीशवाली हसली. आईही हसली. तेव्हा माझं लक्ष गेलं. आईने फरशीवर पाय लांब सोडले होते, साडी गुडघ्यापर्यंत घेतली होती आणि पावलं जुळवून उभी धरली होती. आंघोळ संपेपर्यंत ती तशीच बसून होती. मग पाय आवरून घेतले आणि भाजी चिरायला उठली.

ताईला डिंकाचे लाडू पाठवायचे होते. इथे आईचा एक अजब न्याय होता. घरचा स्वयंपाक तीच करायची, कारण आगीत सगळं जळतं. भाकरीसुद्धा चालायची, ती थापली तरी पुढे तव्यावर जाते. लाडू मात्र हाताने वळतात आणि तसेच तोंडात जातात, म्हणून ते पप्पांनी वळायचे. पप्पा वैतागले, पण बसले. एक लाडू लिंबाएवढा, एक चेंडूएवढा. आई लांबून ओरडायची, "अहो, दाबा जरा, ते काय लिफ्टचं बटण नाही."

"बटणच दाबतोय मी तुझं," पप्पा म्हणाले. "कुठेतरी अडकलीयस तू दोन मजल्यांच्या मधे. दार उघडत नाही."

लाडवांचा डबा घेऊन कांजूरमार्गहून बोरिवलीला बसने मी जायचो. बॅगेतल्या मऊ साड्यांचे तुकडेही मीच नेले, तिने ते आधी उकळून, उन्हात घालून दिले होते. ताई डबा घ्यायची, कापडं नाकाला लावून बघायची आणि विचारायची, "ती कधी येणार?" मी म्हणायचो, येईल. परत आलो की आई विचारायची, टाळू भरतात का, अंगावर पुरळ नाही ना, झोपतो का. मी म्हणायचो, भरतात, नाही, झोपतो. दोघींच्यात माझी अशी ये-जा चालायची आणि खरं बोलणं मी कधी नेलं नाही, ना इकडचं तिकडे, ना तिकडचं इकडे. धाडस झालं नाही, आणि तसं कुणी नेतं हेही मला ठाऊक नव्हतं.

बाळाचं नाव ठेवायच्या कार्यक्रमाला आई आली. वंदना झाली, पेढे झाले. ताईच्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत बाळ उचललं आणि आईसमोर धरलं. "घ्या. आजी तुम्ही पण आहात." आईने हात पुढे केले नाहीत. म्हणाली, "मला सर्दी झालीय." सासूबाईंनी बाळ मागे घेतलं आणि दुसऱ्या कुणाकडे दिलं. मी ताईकडे बघितलं. ती पेढ्यांचा बॉक्स बंद करत होती, झाकण लागत नव्हतं, ती ते लावत राहिली.

त्यानंतर व्हिडिओ कॉल कमी झाले. मग सणावाराला.

दर काही महिन्यांनी मी आणि आई तपासणीला जायचो. गोळी चांगली लागू पडत होती. तिचा मोठा आकडा उतरत गेला आणि एका तपासणीत रक्तात विषाणू सापडलाच नाही. डॉक्टर खूश होते. आईने रिपोर्ट घेतला. ती सातवीपर्यंत शिकलीय, तिने जाड अक्षरातला एक शब्द बोट ठेवून वाचला. "इथे अजून पॉझिटिव्हच लिहिलंय."

"ती सालीची खूण आहे मावशी. ती बहुतेकांची राहतेच. पण तुमचा धोका आता खूप कमी झालाय. नातवाला घ्या बिनधास्त, त्याला तर लसही दिलीय."

"मग साल कधी जाणार?"

"जाईलच असं नाही."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "माझं राहू दे. त्याची टेस्ट होऊ दे. त्याची चांगली आली ना, की मी बोरिवलीला जाऊन राहते. आठ दिवस राहते. मग मला कुणी हाकललं तरी नाही हलणार."

मला इतका आनंद झाला. तिने पहिल्यांदा कशाला तरी मुदत घातली होती. मी म्हटलं, ताईला विचारतो टेस्ट कधी आहे.

"विचारू नकोस." तिने माझा हात धरला. "असलं विचारायचं नसतं. विचारलं की वाईट येतं. ती आई आहे त्याची, चांगलं आलं की आपण होऊन सांगेल. नाही सांगितलं, तर समजायचं."

म्हणून मी विचारलं नाही. त्यात थोडी माझीही भीती होती. बाळ दहा महिन्यांचं झालं, वर्षाचं झालं. वाढदिवसाला आईने पैंजण पाठवले, ते पप्पा घेऊन गेले. फोन यायचे, पाऊस, भाजी, दाजींची ड्युटी, सगळं बोलणं व्हायचं, त्या एका गोष्टीवर मात्र कुणी यायचं नाही. आईने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावून टाकला होता, आणि तो ती कुणाला सांगत नव्हती. खिडकीशी तीन भांडी पालथी होतीच. एकदा मी बघितलं, ती ताट घासताना वडिलांच्या नावाच्या टिंबांवरून बोट फिरवत होती. मी आलेला बघून म्हणाली, "पुसट झालं रे नाव."

गेल्या महिन्यात दाजी कामासाठी मुलुंडला आले होते. जाताना आमच्या बिल्डिंगखाली थांबले. वर यायला वेळ नव्हता, म्हणून मला खाली बोलावलं. स्कूटरच्या हँडलला पिशवी होती. "हा तुमचा डबा. कधीचा राहिला होता. रिकामा देऊ नये म्हणून तिने साखर घातलीय."

मी डबा घेतला. त्यांनी मोबाइल काढून व्हिडिओ दाखवला. पोरगा चालत होता. बादलीत हात घालून स्वतःच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतत होता आणि ताई मागून ओरडत होती.

"आता काय पायांवर मावत नाही," दाजी म्हणाले. "मालीशवाली कधीच बंद केली. स्वतः करायचं असतं साहेबांना."

मी व्हिडिओ परत बघितला. आईची मनाई आठवत होती. तरी म्हटलं, "दाजी, त्याची टेस्ट कधी करायचीय?"

"कसली?"

"रक्ताची. ती वर्षाच्या आसपासची."

"ती? ती झाली ना रे. पावसाळ्यातच झाली."

आता थंडी पडली होती. मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"काय आलं?"

"निगेटिव्ह. आणि लसीचं संरक्षण पण चांगलं तयार झालंय म्हणाल्या डॉक्टरीणबाई. काही प्रॉब्लेम नाही." त्यांनी हेल्मेट डोक्यावर घेतलं, मग पट्टा लावता लावता थांबले. "तुम्हाला सांगितलं नाही तिने?"

"नाही."

"ती म्हणाली होती, आईने विचारलं की सांगेन. मला वाटलं, विचारलं असेल."